वाऱ्याकडे पाठ

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कीटकनाशकाच्या बाटल्या विकून. यात लपवण्यासारखं काही नाही, आमच्या धंद्यात तेव्हा सगळेच असे जात. हंगामात ठरलेल्या पेट्या खपवल्या की कंपनी दुकानदाराला विमानात बसवून कुठल्या तरी बेटावर नेई, चार दिवस खाऊपिऊ घाली आणि गळ्यात फुलांचा हार घातलेला एक फोटो काढून परत आणून सोडी. बार्शीटाकळीत माझं कृषी केंद्र होतं. तो फोटो तिथल्या भिंतीवर काही दिवस होता.

ती वर्षं कोणती हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वऱ्हाडाचं नाव तेव्हा पेपरात रोज एकाच कारणानं छापून येई. त्यावर लिहिणारे पुष्कळ झाले. मला एका जिवंत माणसाबद्दल लिहायचं आहे. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची नजर गेली आणि ती घालवण्यात माझा हात होता. हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. बेटावर निघालो तेव्हा ही गोष्ट माझ्या शेजारी विमानात बसून आली.

दोस्ताचं घर आमच्या मागच्या गल्लीत. घरची सहा एकर काळी जमीन, आणि दसरा ते संक्रांत पतंगांचा धंदा. त्याचे अब्बा, म्हणजे आमचे चाचा, ओसरीवर बसून बांबूच्या कामट्या तासायचे, अम्मी रंगीत ताव कापायच्या आणि आम्ही दोघं गल्लीत मांजा घोटायचो. दोन खांबांना साधा दोरा ताणून बांधायचा. तो पुढे, ओल्या मुठीत काचेच्या भुकटीची लुगदी घेऊन दोऱ्यावरून हात फिरवत चालायचा. मी मागे, चिंधीत दोरा चिमटून जादाची लुगदी पुसत जायचो. बोटं त्याची कापायची, माझी नाही. हे वाटप कुणी केलं होतं आठवत नाही, पण ते कधी बदललं नाही.

पतंग उडवतानाही तसंच. तो उडवायचा, मी चक्री धरायचो. कधी मेहेरबानी करून ऐन पेचात दोर माझ्या हाती द्यायचा आणि मी हटकून खेचायचो. मला धीर कधीच नव्हता. तो ढील देणारा. समोरच्याचा पतंग अंगावर आला की दोर सोडत जायचा, सोडतच जायचा, आणि आपण आता हरलो असं मला वाटू लागलं की समोरचा पतंग हेलकावे खात खाली जाताना दिसायचा.

"खेचू नको बे," तो म्हणायचा. "हवेचं काम हवेले करू दे."

पतंग वर काढण्याआधी तो वाकून चिमूटभर कोरडी माती उचलायचा, नाकासमोर धरायचा आणि सोडायचा. माती जिकडे जाईल तिकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ. पुढे शेती हातात आल्यावर फवारणीच्या वेळीही तो हेच करी. त्याच्या शिवारातली माणसं पंप पाठीवर घेण्याआधी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याला हाक मारून विचारत, आज मारू का. त्यानं नाही म्हटलं तर पंप खाली ठेवत. औषधाचं मात्र तो मला विचारी. मी औषधवाला होतो ना.

त्या वर्षी पोळा होऊन गेला होता आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खांद्याला लागली होती. कंपनीची योजना महिनाअखेरीला संपत होती. मला दोन पेट्या कमी पडत होत्या. दुपारपर्यंत मी एक पेटी आणि दुसरीतल्या एक सोडून सगळ्या बाटल्या इकडेतिकडे लोकांच्या गळ्यात मारल्या. मग दोस्त आला. त्याला त्याचं नेहमीचं औषध हवं होतं, घरी अर्धी बाटली उरली होती, अजून एक पाहिजे होती. मी ती कपाटातून काढलीच नाही. योजनेची बाटली काउंटरवर ठेवली.

"हे घे," मी म्हणालो. "कडक हाये. घरी उरलं ते अन् हे, दोनी एकाच पंपात टाक. एका फेरीत काम होते."

"चालते का दोनी मियवून?"

"चालते."

चालत नव्हतं. बाटलीला घडी घालून चिकटवलेली चिठ्ठी मी वाचली होती. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळू नये. गिऱ्हाईक ती वाचत नाही आणि दुकानदार वाचली नाही असं दाखवतो. बाजारात सगळेच मिसळून देत होते, कुणाला काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्यामुळे मला भीती वाटली नाही. मला घाई होती, एवढंच.

दोस्त पायरीवर जाऊन उभा राहिला. माझ्या दुकानावर कंपनीचा कापडी बॅनर बांधलेला होता, टपोऱ्या बोंडाच्या चित्राचा. तो मान वर करून त्याकडे बघत होता.

"आज नाई मारत," तो म्हणाला. "पाह्य तुह्या बॅनरकडं. घडीत इकडून, घडीत तिकडून. हवा पलटून राह्यली. बाटली राहू दे, उद्या येऊन नेतो."

उद्या पहिली तारीख होती.

"अबे, अळी का तुह्यासाठी थांबून राह्यते?" मी म्हणालो. "आज ने, आजच मार. उद्या पाऊस सांगतला हाये."

पावसाचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ते मी जागच्या जागी बनवलं. त्यानं आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड त्यानं आभाळापेक्षा खरं मानलं. बाटली पिशवीत टाकून तो गेला. मी वहीत खूण केली.

चारच्या सुमाराला त्याच्या शेजारच्या शेतातून फोन आला. मी मोटरसायकलनं पोचलो तेव्हा तो धुऱ्यावर बसला होता, दोन्ही हातांची बोटं मातीत रुतवून. भाभी, म्हणजे त्याची बायको, घागरीतलं पाणी ओंजळीनं त्याच्या डोळ्यांवर मारत होती. वारा फिरला होता. उंच पऱ्हाटीत, दोन ओळींच्या मधे, सगळा फवारा उलटा तोंडावर आला होता.

"कोन आला?" त्यानं विचारलं.

"मी हाये," मी म्हणालो.

"हवा पलटली बे," तो म्हणाला. जणू चूक त्याचीच होती.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, काय मारत होता, बाटली दाखवा. दोन्ही बाटल्या मीच शेतातून उचलून पिशवीत घातल्या होत्या. मी एकच काढली. जुनी, सगळ्यांच्या ओळखीची. दुसरी पिशवीतच राहिली आणि मी पिशवी पायाशी ठेवून वर पाय ठेवला. मिसळून दिलं हे उघड झालं तर लायसन जाईल, असं माझ्या मनात आलं. आज मी ते सरळ लिहितो आहे. त्या दिवशी मनातल्या मनातही एवढं सरळ म्हणालो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं, "साहेब, अजून एक होती, आत्ता सापडली." डॉक्टरांनी नाव उतरवून घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. मधल्या वेळात काय बिघडलं, काही बिघडलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

त्याचा एक डोळा पार गेला. दुसऱ्याला उजेड आणि सावली तेवढी कळते.

तिकीट जानेवारीत आलं. मी ठरवलं होतं, जायचं नाही. तसं सांगायला त्याच्या घरी गेलो, तर तोच माझ्यावर चिडला.

"कावून जात नाई? एवढे लोक मरते तिकिटासाठी. जा, समुद्र पाहून ये. आमच्या घरात तं कोनंच पाह्यला नाई. मले येऊन सांग."

मी गेलो. दुसरं कोणतंही कारण सांगितलं तरी ते खोटं ठरेल. मला जायचंच होतं.

त्या बेटाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. नारळ, पांढरी वाळू आणि असं पाणी, की पहिल्या दिवशी मी किनाऱ्यावर उभा राहून नुसता बघत राहिलो आणि बघता बघता माझ्या मनात आलं की हे न दिसणाऱ्याला कसं सांगायचं. त्यानंतर मला त्या बेटावर कशाचीही गंमत वाटली नाही. जेवताना, बोटीत, फोटोला उभं राहताना मी आपोआप एक डोळा मिटून दुसरा किलकिला करून बघायचो. किती दिसतं ते. उजेड आणि सावली. वलगावचा एक दुकानदार माझ्या खोलीत होता, मोठा बोलका माणूस. त्यानं विचारलं, "डोयात काई गेलं का तुमच्या?" मी म्हटलं, हो, वाळू गेली.

संक्रांत नेमकी तिथेच आली. सकाळी वलगावकरानं डब्यातून आणलेला तिळगूळ सगळ्यांना वाटला आणि आम्ही वीसेक वऱ्हाडी माणसं अर्ध्या चड्डीत किनाऱ्यावर निघालो. पुढच्या वळणावर पतंग दिसले. आधी माझा विश्वास बसला नाही. आकाशात सात-आठ पतंग, केळीच्या फण्यासारखे वाकलेले, एकेक आमच्या ओसरीएवढा, आणि त्यांच्या खाली दोरांना बांधलेली माणसं पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून सूं करत चाललेली. कापणारं कुणी नाही, ओरडणारं कुणी नाही. फक्त वारा आणि दोरांचा आवाज.

आमच्यासोबत टूरवाल्यांची एक मुलगी होती, हिंदी बोलणारी. तिनं विचारलं, कुणाला करून बघायचंय का. वलगावकर मला पुढे ढकलत म्हणाला, "यायले घ्या, हे पतंगवाल्याच्या गल्लीतले हायेत." आदल्या दिवशी मीच बढाई मारली होती. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी नाही म्हणून बघितलं, पण चाळिशीतल्या माणसाला वीस जणांसमोर नाही म्हणणं जमत नाही. शिवाय खरं सांगायचं तर दोर बघून माझे हात शिवशिवत होते.

शिकवणारा त्या बेटावरचाच, उन्हानं करपलेला, माझ्याच वयाचा असावा. कमरेला त्यानं जाड पट्टा आवळला, पट्ट्याला पुढे आकडा. चार दोर एका आडव्या दांड्यापाशी येत होते. तो दांडा हातात धरायचा. मुलगी समजावत होती, दांडा जवळ ओढला की पतंगाचा जोर वाढतो, सोडून दिला की जोर निघून जातो. घाबरला तर फक्त हात सोडा. एवढंच लक्षात ठेवा, बाकी काही नाही. फळी आज नाही, आज नुसतं पाण्यात उभं राहून पतंग सांभाळायचा. मग शिकवणाऱ्यानं काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "पूछ रहे हैं, हवा किधर से है?"

मला हसू आलं. हे मला विचारतो! मी वाकलो, मूठभर वाळू उचलली, नाकासमोर धरली आणि सोडली.

आमच्याकडची काळी माती हाताबाहेर पडली की अलगद सरकते, तेवढाच वारा असतो आमच्याकडे. तिथला वारा समुद्रावरून आडवा येत होता. वाळू माझ्या बोटांतून सुटली ती सरळ त्या माणसाच्या तोंडावर. त्यानं दोन्ही हात डोळ्यांवर घेतले आणि तो खाली बसला.

सगळे हसले. तोही हसत होता, डोळे मिटूनच. एका हातानं वाळू चाचपत पाण्याची बाटली शोधत होता, आणि ती बाटली माझ्या पायाशी पडलेली होती. मला ती दिसत होती. उचलून द्यायला एक पाऊल पुढे टाकायचं होतं आणि माझा पाय हलेना. मला धुरा दिसत होता, मातीत रुतलेली बोटं दिसत होती. शेवटी मुलीनं बाटली दिली. त्यानं डोळे धुतले, लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघून हसला आणि माझे खांदे धरून मला वळवलं. माझी पाठ वाऱ्याकडे केली. हे मात्र त्यानं एका शब्दाशिवाय केलं.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण त्यानं दांडा माझ्या हातात दिला होता आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यात पोचलो होतो. पतंग वर गेला. एवढी ओढ असलेला दोर मी आयुष्यात धरला नव्हता. क्षणभर मी सगळं विसरलो, खरंच विसरलो. पतंगाची सावली पाण्यावरून माझ्या अंगावर आली, पलीकडे गेली, पुन्हा आली. सावली आली की डोळे मिटूनही कळत होतं. हे लक्षात आलं आणि त्या क्षणी वाऱ्याचा झोत आला.

मी खेचलं. दुसरं काय करणार? जन्मभर खेचतच आलो होतो. दांडा छातीशी धरला तसा पतंगानं मला पाण्यातून उचलून पुढे फेकलं आणि मी तोंडावर पडून घसटत निघालो. मागून तो माणूस ओरडत होता, सोडा म्हणून, त्याच्या भाषेत आणि इंग्रजीतही. मला ऐकू येत होतं. कळतही होतं. पण जितकं ओढलं जात होतो तितका मी दांडा आणखी घट्ट धरत होतो. खारं पाणी नाकात, घशात, डोळ्यांत. डोळे उघडता येईनात. कुठे किनारा, कुठे पाणी, काही कळेना, आणि हे सगळं मी स्वतः हातात धरलेलं आहे एवढंच काय ते कळत होतं.

"खेचू नको बे." इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी पाण्यात मान वळवली. भूतबित मी मानत नाही. तो माणूस जिवंत होता, बार्शीटाकळीत आपल्या ओसरीवर बसलेला होता, आणि तरी त्याचा आवाज माझ्या डाव्या कानाशी, चक्री माझ्या हातात असताना जिथून यायचा तिथूनच आला.

मी हात सोडले. पतंग पाण्यावर जाऊन पडला. मी उभा राहिलो तर पाणी जेमतेम गुडघ्याएवढं होतं. डोळे चुरचुरत होते, उघडत नव्हते. शिकवणारा धावत आला आणि माझं तोंड वर करून बाटलीतलं गोडं पाणी माझ्या डोळ्यांवर ओतू लागला, हळूहळू, बोटांनी पापण्या उघडून. मी रडायला लागलो. त्याला वाटलं मिठानं. वलगावकर काठावरून फोटो काढत होता.

निघताना दुरुस्तीच्या टेबलाखाली फाटक्या पतंगाच्या कापडाचे तुकडे पडलेले दिसले. खुणेनंच एक मागितला. शिकवणाऱ्यानं हातभर लांब एक लाल तुकडा कापून दिला.

गावी परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोस्ताकडे गेलो. तो ओसरीवर बसून जुना मांजा चक्रीवर गुंडाळत होता. दोर बोटांतून जाऊ देत, गाठ लागली की थांबून. मी कापड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते चोळलं, ताणलं, गालाला लावलं.

"हे तं छत्रीचं कापड हाये बे," तो म्हणाला आणि खूप दिवसांनी हसला. "एवढ्या दुरून छत्रीचं कापड आनलं! हवा कशी होती तिथं?"

"एकाच अंगानं," मी म्हणालो. "दिवसभर. पलटतच नाई."

"बढिया."

मग मी सांगितलं. तो बढिया म्हणाला, त्यानंतर मला थांबता आलं नाही. योजनेची बाटली, वाचलेली चिठ्ठी, कमी पडणारी पेटी, न सांगितलेला पाऊस. दवाखान्यात पायाखाली दाबलेली पिशवी. भाभी आतून दोन कप चहा घेऊन आली होती आणि दारातच उभी राहिली होती. तिला बघूनही मी थांबलो नाही.

त्याचे हात चक्री फिरवत होते. पिशवीचं ऐकल्यावर थांबले.

"दुसरी बाटली सकायी सांगतली तू?"

"हो."

"रातभर नाई सांगतली."

"नाई."

भाभी चहाचे कप घेऊन तशीच परत आत गेली. आत मोरीवर चहा ओतल्याचा आवाज आला. त्या घरात माझ्यासाठी चहा पुन्हा कधी झाला नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

दोस्तानं चक्री बाजूला ठेवली. कापड त्याच्या मांडीवर पडलेलं होतं. मग तो सावकाश म्हणाला, "म्हंजे माह्या डोयावर समुद्र पाहून आला तू."

मी उठलो. माझी सावली त्याच्या तोंडावरून सरकली असणार, कारण त्यानं लगेच मान वर केली.

"बस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "चाल्ला कुठं? माह्या डोयानं पाह्यलं ना? मंग माह्या डोयाचं मले दे. पहिल्यापासून सांग. पानी कोन्या रंगाचं होतं?"

मी बसलो आणि सांगायला लागलो. पाणी काठाला कसं, आत कसं, वाळू कशी, पतंग किती, कोणत्या रंगाचा कुठे. त्या दिवशी दुपारची अजान होईपर्यंत सांगत होतो.

दुकान मी दोन वर्षांनी बंद केलं. भिंतीवरचा फोटो त्याआधीच काढला. शिवारातली माणसं अजूनही त्याला वारा विचारून फवारायला जातात. तो ओसरीवरून चेहऱ्यावरच घेऊन सांगतो. मी आठवड्यातून एकदा जातो. तो मला कधी शिवी देत नाही, कधी माफ केलं असंही म्हणत नाही. शेतापाण्याचं बोलून झालं की चक्री मांडीवर घेतो आणि विचारतो, सांग. इतक्या वर्षांत त्या चार दिवसांतलं सगळं सांगून झालं आहे. बरंचसं आता मलाही नीट आठवत नाही. पाणी डोळ्यांसमोर आणतो तर कधी धुरा येतो, कधी दुकानावरचा फडफडणारा बॅनर. मग मी काहीतरी भर घालून वेळ मारून नेतो.

परवा असाच सांगत होतो. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, काठाजवळचं पाणी निळं होतं, असं म्हणालो. त्याचे हात चक्रीवर थांबले.

"मागच्या खेपेस हिरवं म्हनला होता," तो म्हणाला. "खरं सांग."